बोटांच्या मधलं गाव

आमचं गाव एका गर्भाच्या डाव्या हातावर, तर्जनी आणि मधल्या बोटाच्या मधोमध होतं, आणि बोटं सुटी करायची असल्यामुळे ते उठवायचं ठरलं.

गावातलं प्रत्येक घर म्हणजे एक पेशी. मी आणि माझी बहीण तारू एकाच घराची वाटणी होऊन झालो. वाटणीत दोघींना सगळं सारखं मिळालं. माजघरात केंद्रक, त्यात अख्ख्या देहाचा नकाशा. तंतुकणिकांच्या चुली. आणि कोपऱ्यात लयकारिकेची पिशवी. तिच्यात घरातला केरकचरा विरघळतो. ती उघडी पडली तर घरच विरघळतं, म्हणून तिला आत्मघाती पिशवी म्हणतात. आमच्या दोन घरांची भिंत लागून होती. प्रकल्पाची रेषा नेमकी त्या भिंतीवरून गेली. मी तर्जनीच्या बाजूला राहिले, तारू गावाच्या.

पाटणकरसाहेब हुकूम घेऊन आले तेव्हा सगळं गाव जमलं.

"पिशव्या आपापल्या हाताने उघडायच्या आहेत," ते म्हणाले. "खात्याचा माणूस कुणाच्या घरात शिरणार नाही."

"आणि पुनर्वसन?" म्हाताऱ्या भिवाअण्णांनी विचारलं.

"होणार ना. सगळ्यांचं. काठावरची घरं तुम्हाला सामावून घेतील."

"म्हणजे राहायला जागा देतील?"

"खाऊन टाकतील," साहेब म्हणाले. "काही वाया जाणार नाही."

"अण्णा, तुम्ही तर फारच चिवट," मागून कुणीतरी म्हणालं. "तुम्हाला कोण घेणार?"

अण्णाही हसले. मला हसू आलं नाही.

"बोटं जोडलेली राहिली म्हणून मूल मरत नाही," मी ओरडले. "मग गावानं का मरायचं?"

"बरोबर आहे तुमचं. मूल जगेल. फक्त बोटं एकमेकांपासून सुटणार नाहीत."

"मग हुकूम मागे घ्या!"

"तो माझा नाहीच, ताई. यांच्या घरातलाच आहे. वाचून बघा."

तारू माजघरात गेली आणि नकाशा मोठ्याने वाचू लागली. हाडांची जाडी, नखांची जागा, आणि मग: या दोन बोटांच्या मध्ये कुणी नसेल. मीही माझा नकाशा उघडला. तीच ओळ, त्याच जागी.

"माझ्याकडेही आहे!" मी म्हणाले.

"तुम्हाला ती लागू नाही," साहेब म्हणाले. "तुम्ही रेषेच्या अलीकडे."

पिशव्या उघडायच्या नाहीत, असा गावानं ठराव केला. घोषणा मी दिल्या. पण साहेब गेल्यावर तारू भिंतीशी आली.

"शरयू, बोटं सुटी झाली की त्यांनी काय करतात गं?"

"काहीही. चिमटीत धरतात. मोजतात. कुणाच्या तरी केसांतून फिरवतात."

"आणि नाही झाली तर?"

"तर यातलं काही काही जमत नाही. शिकेल ते मूल. तू ऐकू नकोस त्यांचं."

ती आत गेली आणि परत भिंतीशी आली.

"तूच खा मला," ती म्हणाली. "त्या पलीकडच्या काठावरच्या रखमाला देऊ नकोस. ती अर्धं टाकून देते."

"तारू, वेड्यासारखं बोलू नकोस."

"चुली मी विझवल्यात. आता भांडत बसू नकोस, गार होईल सगळं."

पिशवी उघडल्याचा आवाज होत नाही. भिंत आधी सैल झाली, मग तारूच्या घराचे गोळे होऊन माझ्या दाराशी आले. मी ते आत घेतले. नकाशा माझ्याच नकाशासारखा होता, त्यामुळे पचायला वेळ लागला नाही. तिच्यामागून बाकीच्यांनी ठराव मोडला. अण्णांना रखमाने घेतलं आणि अर्धं टाकलं.

गावाच्या जागी आता पाणी आहे. माझ्या घरातून ते थेट दिसतं, आणि पलीकडे मधलं बोट. कधीकधी ते हलतं.

परवा पाटणकरसाहेब पाहणीला आले होते. तारूकडच्या भिंतीवरून त्यांनी हात फिरवला.

"बाहेरून गिलावा करून घ्या," ते म्हणाले. "आता ही दर्शनी बाजू झाली."

मी करून घेतला.