चौगुले गल्लीचा विदेश व्यापार

शेजारच्या घरून आलेली वाटी रिकामी परत करू नये, असा चौगुले गल्लीत नियम आहे. तो कुठेही लिहिलेला नसल्यामुळे सगळे पाळतात. आमटीची वाटी आली की ती धुऊन, पुसून, तिच्यात निदान मूठभर शेंगदाणे, चमचाभर साखर किंवा थोडं भडंग घालून परत जाते. वाटी कुणाची, तिच्यात काय आलं, बदल्यात काय गेलं, याची नोंद आजवर कुणी ठेवली नव्हती. सांगलीपासून अर्ध्या तासावर, रस्ता आणि नळ या दोन्ही सोयी पोहोचलेल्या वस्तीत एवढा मोठा व्यापार धोरणाशिवाय चालला आहे, ही गंभीर बाब धैर्यशीलराव निवृत्त होऊन गावी येईपर्यंत कुणाच्या लक्षातही आली नाही.

धैर्यशीलराव दिल्लीला केंद्रीय वाणिज्य मंत्रालयात चौतीस वर्षं होते. तिथे त्यांनी नेमकं काय केलं हे त्यांच्या पत्नीला, मंगलवहिनींनाही सांगता येत नाही. "फायली वरून खाली यायच्या आणि ह्यांच्यापाशी थांबायच्या," एवढंच त्या सांगतात. गावी आल्यावर धैर्यशीलराव आठवडाभर ओट्यावर खुर्ची टाकून बसले. आठव्या दिवशी त्यांनी गल्लीची बैठक बोलावली.

"सात दिवसांत एकशे बारा वाट्यांची सीमापार वाहतूक," ते म्हणाले, "आणि एकाही घराकडे आयात-निर्यात क्रमांक नाही. तुम्हाला भीती कशी वाटत नाही?"

तोवर वाटत नव्हती. त्या दिवसापासून वाटायला लागली.

पंधरवड्यात सगळी रचना उभी राहिली. प्रत्येक घराचा उंबरठा ही आंतरराष्ट्रीय सीमा ठरली. विदेश व्यापाराचे महासंचालक अर्थातच धैर्यशीलराव. दिल्लीत चहाचं मंडळ असतं, कॉफीचं असतं, मसाल्याचं असतं. त्या धर्तीवर इथे विरजण मंडळ, लोणचे मंडळ, भडंग निर्यात प्रोत्साहन परिषद अशी एकवीस मंडळं स्थापन झाली. सोळा घरांत एकवीस अध्यक्ष झाल्यामुळे विरोध करायला कुणी शिल्लक राहिलं नाही. लष्करातून हवालदार म्हणून निवृत्त झालेले ज्ञानू तपासणी नाक्यावर, म्हणजे गल्लीच्या मध्यावरच्या नळाशेजारी, स्टूल टाकून बसले. मी बीए असल्यामुळे मला सांख्यिकी विभाग दिला.

या नव्या व्यवस्थेत एकच अडचण निघाली. तिचं नाव गुणमालाकाकू.

काकू चौऱ्याहत्तर वर्षांच्या. जैन बस्तीतून दर्शन घेऊन येताना पायरीवरून घसरल्या आणि पाय प्लास्टरमध्ये गेला. दीड महिना शेगडीपुढे उभं राहायचं नाही. मुलगा सम्मेद बंगळुरूला चौदाव्या मजल्यावर राहतो. तो लगेच न्यायला निघाला होता, पण काकू गल्ली सोडायला तयार नव्हत्या. शेवटी फोनवर तह झाला. सम्मेद म्हणाला, "आई, एक दिवस जरी तू उपाशी झोपलीस, तर मी गाडी घेऊन येणार आणि तुला उचलून नेणार." काकूंनी कबूल केलं. सकाळचं जेवण नात्यातलं कुणीतरी आणून देई. संध्याकाळचं समोरच्या राहीबाई द्यायच्या. कांदा नाही, लसूण नाही, बटाटा नाही, आणि दिवस मावळायच्या आत. राहीबाईंच्या स्वतःच्या घरात कांद्याशिवाय पान हलत नाही, पण काकूंच्या वाटीत कधी चूक झाली नव्हती.

नाक्याच्या पहिल्याच दिवशी ती वाटी अडली.

"काय हाय ह्यात?" ज्ञानूंनी विचारलं.

"घेवड्याची आमटी."

"घेवडा कुठला?"

"कुठला म्हंजे? माझ्या म्हायेरचा, कोरेगावचा. आकारामदादानं दिलाय."

ज्ञानूंनी वाटी महासंचालकांपुढे ठेवली. धैर्यशीलरावांनी चष्मा पुसला.

"राहीबाई, घेवडा सातारा जिल्ह्यातला. म्हणजे ही निर्यात नाही, फेरनिर्यात आहे. मालाच्या उगमाचं प्रमाणपत्र तिकडून लागेल."

"आवं भाऊजी, आमटीचा उगम माझ्या शेगडीवर झालाय. चटका बसंल, हात लावून बगा."

त्या दिवसापुरती सूट मिळाली. दुसऱ्या दिवशी आकारामदादांचं प्रमाणपत्र मोबाइलवर आलं: 'घेवडा आमच्याच रानातला हाय. शंका असंल तर शिजवून बघा.' खाली दूध संस्थेचा शिक्का होता, त्यामुळे ते ग्राह्य धरण्यात आलं.

मग पोर्टल आलं. माल पोचण्यापूर्वी घेणाऱ्याची संमती हवी, म्हणून त्याच्या मोबाइलवर ओटीपी जाऊ लागला. पोर्टलवर काकूंच्या नावापुढचा नंबर सम्मेदचा. त्यामुळे बंगळुरूत मीटिंगला बसलेला सम्मेद रोज संध्याकाळी साडेपाचला 'घेवडा, एक वाटी, स्वीकारावी का?' या प्रश्नाला चार आकडे कळवू लागला. त्याच्या साहेबाला वाटलं, हा परदेशातल्या कुठल्या तरी बड्या कंपनीशी बोलणी करतोय. त्याला बढती मिळाली.

एवढ्यावर थांबलं असतं तर आमटी रोज कोमट का होईना, पोचली असती. पण एका सकाळी धैर्यशीलराव मला आणि फाइलला घेऊन काकूंकडे गेले.

"काकू, राहीबाई तुम्हाला आमटी कितीला देतात?"

"कितीला म्हंजे? देत्यात."

"म्हणजे उत्पादनखर्चापेक्षा कमी दराने. याला डंपिंग म्हणतात. बाहेरचा माल स्वस्तात आणून ओतायचा आणि इथला उद्योग मारायचा."

"हितं कुठला उद्योग रं बाबा?"

"तुमची शेगडी. चालू आहे का?"

"पाय मोडल्यापास्नं बंद हाय की."

"बंद!" धैर्यशीलराव माझ्याकडे वळले. "लिहा. स्वस्त आयातीमुळे देशांतर्गत उद्योग संपूर्ण ठप्प."

"अरं धैर्यशील, पाय बरा झाला की पेटवीन की मी."

"काकू, तपास निष्पक्ष होऊ द्या. तुम्ही पीडित पक्ष आहात. पीडितांनी मध्ये बोलायचं नसतं."

त्या संध्याकाळी पीडित पक्षाची आमटी तपासासाठी नाक्यावर रोखण्यात आली. तक्रारीचा नमुना, जबाब, वाटीचं वजन, वाटीशिवाय आमटीचं वजन. राहीबाई नळाशेजारी उभ्या राहून एकदा वाटीकडे आणि एकदा मावळतीकडे बघत होत्या.

"ज्ञानूभावजी, सोडा की वो. म्हातारी दिवस बुडल्यावर पाण्याचा थेंबबी तोंडात घेत न्हाई."

"वैनी, आर्डर हाय. माझ्या हातात काय न्हाई."

"तुमच्या हातात वाटी हाय!"

वाटी सुटली तेव्हा सूर्य उसाच्या फडाआड जाऊन बारा मिनिटं झाली होती. काकूंनी वाटी नीट झाकून ठेवली, राहीबाईंचा हात धरला आणि म्हणाल्या, "रडू नगंस गं. उद्या हायच की." पण वाटी सुटताना ओटीपी गेला होता, आणि त्यावरची वेळ सम्मेदने वाचली. रात्री त्याचा निरोप आला: 'परवा गाडी घेऊन येतोय.'

दुसऱ्या दिवशी दुपारी घरांच्या पाठीमागच्या परड्यांतून तस्करी सुरू झाली. टोळीच्या म्होरक्या होत्या मंगलवहिनी. "चौतीस वर्षं फायली थांबलेल्या बघितल्या," त्या पदर खोचत म्हणाल्या, "आमटी थांबलेली बघणार नाही." भिंतीवरून पहिली वाटी गेली ती घेवड्याची. तिच्यामागून ताक, त्याच्यामागून दोडक्याची भाजी. बघता बघता सगळ्या गल्लीचा व्यवहार पुढच्या दारातून मागच्या दारात गेला. ज्ञानूंच्या घरची कढी त्यांच्या पाठीमागूनच जात होती. मी विचारलं तर म्हणाले, "म्होरं बघायची आर्डर हाय. मागं बघायची न्हाई."

त्याच्या दुसऱ्या दिवशी नाक्यावरचा आकडा शून्यावर आला. मी तो घाबरत घाबरत महासंचालकांना दिला. ते आकडा दोनदा वाचून खुर्चीतून उठले.

"आयात शून्य. निर्यात शून्य. म्हणजे तूटही शून्य! अहो, मी आयुष्यभर ज्या मंत्रालयात बसलो त्यालासुद्धा हे जमलं नाही."

त्याच संध्याकाळी एकवीस अध्यक्षांनी एकमेकांना शाली घातल्या.

ठरल्याप्रमाणे सम्मेदही त्याच संध्याकाळी गाडी घेऊन आला. पुढचं दार उघडं, घरात कुणी नाही. तो परड्यात गेला तर काकू पाय पुढे पसरून जेवत होत्या आणि समोर तीन घरच्या तीन वाट्या.

"आई, चल. तू उपाशी झोपलीस."

"एक दिवस. दुसऱ्या दिवशी तीन वाट्या आल्या. फिटलं ते."

"मला तर ओटीपी आला नाही!"

"ओटीपी न्हाई आला. आमटी आली."

राहीबाईंनी त्यालाही ताट वाढलं. दोन भाकरी खाल्ल्यावर त्याचा आवाज बदलला. "खरं सांगू का मावशी," तो म्हणाला, "आमच्या मजल्यावर चार दारं हायत. सात वर्षांत एक वाटी इकडची तिकडं गेली न्हाई. समोर कोण राहतंय ते मला अजून म्हाईत न्हाई. आईला तिथं नेऊन मी काय करणार हुतो, देव जाणे." जेवून तो एकटाच परत गेला. जाताना डब्यात घेवडा होता.

पण शाली वाटून परतणारे धैर्यशीलराव भिंतीपलीकडे थबकले होते, आणि त्यांनी सगळं ऐकलं होतं. तस्करीकडे त्यांचं लक्षच गेलं नाही.

"सात वर्षं शून्य?" ते पुटपुटले. "ना नाका, ना मंडळ, ना पोर्टल? केवळ स्वेच्छेने?"

दुसऱ्या दिवशी त्यांनी चौगुले गल्लीचा कारभार गुंडाळला. अशा आदर्श मजल्यांच्या अभ्यासदौऱ्यावर ते आता निघाले आहेत, पुढच्या धोरणासाठी. यादी करायचं काम माझ्याकडे आहे. अर्ज सोपा आहे: मजला, दारांची संख्या, समोरच्या घरून शेवटची वाटी आल्याची तारीख, समोरच्यांचं नाव. शेवटचे दोन रकाने कोरे राहिले तर प्रत्येकी दहा गुण जास्त.

तुमच्या मजल्याचं नाव मी पहिल्याच पानावर घातलं आहे. धैर्यशीलराव येऊन बेल वाजवतील. दार उघडू नका; गुण कापले जातील.