किहावण्गुरची गाडी

कोणताही शब्द द्या, डोळ्याचं पातं लवायच्या आत उलटा करून देतो! शेवटचं अक्षर पहिलं, पहिलं शेवटचं. मोबाइलवर व्हिडिओ पाहून-पाहून मी प्रोग्रामिंग शिकलो, आणि त्यातला हा पहिलाच प्रोग्राम माझ्या हातात असा काही बसला की जबलपूरच्या मदन महलमधल्या आमच्या गल्लीत मी एकाचंही नाव सरळ ठेवलं नाही. इंग्रजीत माझं नाव टाकलं, सुगतचा टॅगस झाला! बायकोचं, म्हणजे श्रद्धाचं, असं काही झालं की त्या दिवशी मला भाजी मिळाली नाही.

पण मी मागे हटणारा माणूस नाही. मला मास्तर व्हायचं होतं! आमच्या मराठी लोकांच्या मंडळाच्या हॉलमध्ये पोरांसाठी कम्प्युटरचा वर्ग निघणार होता आणि तो मलाच पाहिजे होता. दिवसभर बियाण्यांच्या दुकानात पावत्या फाडतो हो मी. कोणीतरी आपल्याला 'सर' म्हणावं, असं मनापासून वाटायचं.

आणि संधी चालून आली. मंडळाचे अध्यक्ष लहानूकाका घरी आले.

"जय भीम, सुगत! मंडळानं अॅम्ब्युलन्स घेतली. तिच्या तोंडावर त्यासाठीचा अस्सल मराठी शब्द लिहायचा, तो तूच काढ. सारं शहर हिंदी बोलून राहिलं, निदान गाडी तरी आपली भाषा बोलेल! पण पुढच्या गाडीवाल्याला आरशात वाचता आलं पाहिजे बरं का."

"काका, हा तर माझ्या डाव्या हातचा मळ!"

"जमवलंस तर वर्ग तुझा. नाही तर माझा भाचा बसलाच आहे."

भाचा! मी दात-ओठ खाऊन लॅपटॉप उघडला.

"आधी कागदावर लिहून आरशात पाहा ना," श्रद्धा म्हणाली.

"आरशात काय पाहायचं? आरसा डावीकडचं उजवीकडे करतो, माझा प्रोग्रामही तेच करतो. लॉजिक आहे लॉजिक!"

'रुग्णवाहिका' हा शब्द टाकला, बटण दाबलं आणि जे निघालं ते न पाहताच राइट टाउनच्या स्टिकरवाल्या अनुपमला पाठवून दिलं. थोड्या वेळानं त्याचा फोन.

"भैया, ये मराठी है?"

"शुद्ध मराठी!"

"अच्छा. शुरू में एक बिंदियों वाला गोला और डंडा आ रहा है."

"कचरा होगा. हटा दो!"

दुसऱ्या दिवशी वंदना झाली, काकांनी गाडीच्या तोंडावरचा पडदा ओढला आणि लाल भडक, हातभर अक्षरांत झळकलं: किहावण्गुर!

मी आजवर उलटवलं ते सगळं इंग्रजीत. मराठीत काना-मात्रा-वेलांट्या कम्प्युटर वेगळ्या मोजतो, हे त्या व्हिडिओवाल्यानं सांगितलंच नव्हतं! सगळं आपापलं घर सोडून शेजाऱ्याच्या घरी जाऊन बसलं होतं. आणि सुरुवातीचा तो कचरा म्हणजे माझ्याच शब्दाचा शेवटचा काना!

आता चपला पडणार म्हणून मी डोळे मिटले. पण एकही चप्पल आली नाही. पोरं एकमेकांकडे पाहून राहिली. त्यांना मराठी समजते, वाचायचं म्हटलं की घाम फुटतो. आणि मोठ्यांना आपल्याला मराठी येत नाही हे चारचौघांत कबूल करायचं म्हणजे नाक कापल्यासारखं!

शेवटी वीरेंद्रभाऊ खाकरले. ते सरकारी अधिकारी, मंडळाचं मराठी भाषण दरवर्षी तेच करतात.

"वा! फार जुना शब्द काढलास, सुगत. आजकाल वापरत नाही कोणी."

"वापरत कसे नाही?" भागीरथामावशी उसळल्या. "माझी आजी म्हणायची ना! अमरावतीकडं सर्रास म्हणतात!"

मग काय! ज्याला त्याला आपली आजी आठवली! काकांनी माझ्या पाठीवर अशी थाप मारली की खोकला आला.

"हे काय लिहिलं तुम्ही?" श्रद्धा माझ्या कानात फुसफुसली.

"आरशात बरोबर दिसेल," मी म्हटलं आणि स्कूटरचा आरसा गाडीकडे वळवून पाहिलं. हे भगवान! आरसा नुसती रांग बदलत नाही, रांगेतल्या प्रत्येकाला पाठमोरा उभा करतो! सगळी अक्षरं माझ्यावर रुसल्यासारखी तोंड फिरवून उभी होती.

तेवढ्यात काकांचा फोन वाजला. शहराबाहेरच्या पाटन गावाहून. मंडळातली मनीषा माहेरी बाळंतपणाला गेली होती, तिला कळा सुरू झाल्या होत्या आणि तिथल्या डॉक्टरांनी जबलपूरला न्यायला सांगितलं होतं.

"मी जातो!" मी ओरडलो आणि ड्रायव्हर गुणवंतच्या शेजारी उडी मारून बसलो.

"सायरन अजून बसवला नाही, भाऊ," गुणवंत म्हणाला.

"चल तू!"

जाताना निभलं. पण मनीषाला आणि तिच्या आईला घेऊन परत शहरात शिरलो, तर पुढचा ट्रक ढिम्म हलेना. हॉर्न दिला तर ट्रकवाला आरशात पाहून विचारात पडला. एका वळणावर तर गाठोडेवाला म्हातारा हात दाखवून आडवाच आला!

"किहावण्गुर जाएगी क्या? रास्ते में उतार देना!"

आत मनीषा कण्हत होती. मला खरंच रडू आलं. माझ्या हौसेपायी ही पोर रस्त्यात अडकली तर काय तोंड दाखवू? मी ठरवलं, आता काही झालं तरी हिला पोचवायचंच! कमरेपर्यंत खिडकीबाहेर निघालो आणि गाडीचं दार बडवत बोंब ठोकली.

"हटो! एम्बुलेंस है! डिलीवरी है! अरे हट ना बे!"

ऑटोवाले हटले, स्कूटरवाले हटले, एक गायसुद्धा हटली! दवाखान्याच्या दारात पोचलो तेव्हा माझा घसा पार बसला होता. पण मनीषाला मुलगी झाली आणि दोघी सुखरूप. मी तिथल्या बाकावर बसून लहान पोरासारखा रडलो.

रविवारी मंडळाची बैठक. मी पक्कं ठरवून गेलो होतो, वर्ग गेला तरी चालेल, खरं काय ते सांगून टाकायचं.

"काका," मी बसक्या घशानं सुरू केलं, "त्या शब्दाबद्दल मला..."

"बस खाली! काही सांगू नको!" काका उभे राहिले. त्यांचे डोळे भरून आले होते. "एक तर जीव तोडून मनीषाला आणलं यानं. वरून असं अस्सल, जुनं मराठी! अशा माणसाला कम्प्युटरमध्ये काहून वाया घालवायचं? कम्प्युटर माझा भाचा शिकवेल. सुगत आपल्या पोरांना मराठी शिकवेल!"

एवढ्या टाळ्या पडल्या की माझा बसका आवाज त्यात बुडूनच गेला.

पहिल्या दिवशी मी फळ्यावर मोठ्या अक्षरांत 'रुग्णवाहिका' लिहिलं. म्हटलं, सुरुवात तरी प्रामाणिकपणे करू. पोरांनी तोंडं वाकडी केली.

"सर, ये तो हिंदी जैसा है," वीरेंद्रभाऊंची यशोधरा म्हणाली. "वो गाडीवाला असली मराठी सिखाओ ना!"

काय करता! मी फळा पुसला.

आता गल्लीतली पोरं घरी जेवताना आईला रकाभ मागतात. आया लगेच भाकर वाढतात, कारण कळलं नाही म्हणायची कोणाची हिंमत? काका म्हणतात, भाषा वाचली. श्रद्धा मात्र सध्या माझ्याशी हिंदीत बोलते.