उजवीकडे ओढणारी करवत

टाइस्तोची करवत मंगळवारी सकाळी बिघडली. पेट्रोल होतं, मोटर ठणठणीत होती, पण ओंडक्यात सरळ शिरलेली करवत अर्ध्यावर गेली की उजवीकडे वळायची. ठोकळा तिरका निघायचा आणि फोडायला उभा केला की दारुड्यासारखा कलंडायचा. टाइस्तो जन्मभर नाकासमोर चालणारा माणूस, त्याला हे बघवेना.

"सरळ चाल की गं, सटवे!" तो करवतीवर ओरडला. दोन दिवसांत त्याच्या तोंडून निघालेलं हे पहिलं वाक्य होतं.

बायकोला, आउनेला, जाऊन दोन वर्षं झाली होती. शेजारी म्हणावा असा एकच, रेइयो, तोही तळ्यापलीकडे. आणि इथली रीत अशी की कामाशिवाय कुणाच्या दारी जायचं नाही. गेलात तर पहिला प्रश्न, "कोण वारलं?" दोन वर्षांत टाइस्तोला काही काम निघालं नव्हतं. करवत गाडीत टाकताना त्याला एकदम हुशारी वाटली.

रेइयोने चाळीस वर्षं जंगलात झाडं कापली होती. लग्न करायचं तेवढं राहून गेलं. त्याने करवतीची दातेरी साखळी बोटांनी फिरवून पाहिली.

"डावे दात झिजलेत. मोठे दात ज्या बाजूला, त्या बाजूला ती ओढणारच. कानस कोण मारतं?"

"मीच."

"तरीच! दोन्ही पंगतींना सारखं वाढावं लागतं, लेका!"

त्याने उजवे दात घासून डाव्यांच्या मापाचे केले. काम अर्ध्या तासाचं, कॉफी मात्र तीन तास चालली. बोलता बोलता टाइस्तोने आउनेचं नाव घेतलं. किती दिवसांनी ते मोठ्याने घेतलं, त्याचं त्यालाच नवल वाटलं.

घरी करवत सुतासारखी सरळ चालली. संध्याकाळपर्यंत सरपण रचून झालं आणि टाइस्तोला करायला काही उरलं नाही. पुढचे दिवस त्याने घड्याळाची टिकटिक ऐकत काढले. घर खायला उठलं होतं. शेवटी त्याने कानस घेतली, कुणी बघत नाही ना ते पाहिलं (बघणार कोण, एक कावळा होता!) आणि डाव्या दातांवर तीन-तीन हात जास्तीचे मारले.

"परत उजवीकडे?" रेइयोने कपाळाला हात लावला. "तू कानस मारतोस की लोणी फासतोस?"

"वय झालं रे."

"वय माझंही झालंय. बस, कॉफी टाकतो."

तो दिवस गुरुवारचा. तो धरून असे पाच गुरुवार गेले. तिसऱ्या गुरुवारपासून वाटाण्याचं सूपही दोघांपुरतं शिजायला लागलं. पण चोराच्या मनात चांदणं! एवढ्या जाणत्या माणसाला कळत कसं नाही? आणि कळलं तर हे सूप, ही कॉफी, सगळं बंद. त्यात दर दुरुस्तीला दात झिजून आता जेमतेम नखाएवढे उरले होते. सहाव्या आठवड्यात टाइस्तोने मन घट्ट केलं. आता पुरे, कानसेला हात लावायचा नाही.

बुधवारी त्याने करवत ओंडक्याला लावली. ती अर्ध्यावर गेली आणि वळली. डावीकडे!

टाइस्तो गुडघ्यांवर बसला. उजवे दात आखूड झाले होते. उजव्या दातांना त्याने कधी जास्तीचा हात मारला नव्हता. त्या बाजूला कानस चालवणारा माणूस एकच, आणि त्याचा हात चाळीस वर्षांत चुकला नव्हता. टाइस्तो एकटाच खो-खो हसला, मग बाहीने डोळे पुसले.

गुरुवारी रेइयोच्या टेबलावर दोन कप आधीच मांडलेले होते.

"काय, परत उजवीकडे?"

"नाही. या खेपेला डावीकडे."

रेइयोचे कान लाल झाले. तो खिडकीबाहेर बघायला लागला. "वय झालं रे."

"माझंही झालंय," टाइस्तो म्हणाला. "पण पुढे कसं? दात संपले. घासायला काही उरलंच नाही."

रेइयोने कपाट उघडलं. आत नव्याकोऱ्या साखळ्यांची चळत होती.

"दुकानदार म्हणाला, एक घेतली तरी वर्षभर पुरेल," रेइयो म्हणाला. "मी म्हटलं, बारा दे."