पीडित पाहिजे

गुन्हा म्हटला की पीडित लागतोच. नाहीतर माफी मागायची कोणाची, हा प्रश्न उरतो.

आमच्या भागातलं समेट मंडळ याबाबतीत फार काटेकोर आहे. गांजा ओढताना सापडलेल्या मुलांना कोर्टात न पाठवता मंडळ गोलात बसवतं. ज्याचं नुकसान झालं तो समोर बसतो, मूल माफी मागतं, भरपाई करतं आणि प्रकरण मिटतं. पद्धत उत्तम आहे. (खुर्च्या बालवाडीच्या आहेत, त्यामुळे सगळेच आधीपासून नरमलेले असतात.)

अडचण आली ती चौथ्या मजल्यावरच्या मुलीच्या वेळी. ती गच्चीवर एकटीच ओढत होती. नुकसान कोणाचं झालं, ते काही सापडेना. पीडित नाही तर गोल नाही, गोल नाही तर कोर्ट, आणि कोर्टात नाव गेलं की तिचा नर्सिंगचा प्रवेश गेला. तिच्या आईचे डोळे रडून सुजले होते. पण घरचा पीडित नियमात बसत नाही.

मंडळाच्या बाई म्हणजे निवृत्त मुख्याध्यापिका. त्या घरोघर फिरल्या. वॉचमनने वास आल्याचं मान्य केलं, पण त्या दिवशी पाठ दुखायची थांबली असंही सांगून बसला. त्याला वगळलं. तळमजल्यावरच्या वहिनी पीडित व्हायला एका पायावर तयार होत्या, पण त्यांची तक्रार पार्किंगची निघाली. शेवटी बाई माझ्याकडे आल्या.

"मिसेस गेल्यापासून तुमचा चेहरा तयारच आहे," त्या म्हणाल्या. "वेगळं काही करावं लागणार नाही."

मी हो म्हणालो. (गोलात चहा मिळतो.)

गोलात ज्याच्या हातात डस्टर, त्यानेच बोलायचं. मुलीने डस्टर घेतलं. "काका, माझ्यामुळे तुम्हाला नक्की काय झालं?"

डस्टर माझ्याकडे आलं. "काही नाही गं," मी म्हणालो. बाईंनी माझ्या पायावर पाय दिला. "म्हणजे... संध्याकाळी घरात बोलायला कोणी नसतं."

"पण ते माझ्यामुळे कुठे?"

"डस्टर तुझ्याकडे नाही," बाई म्हणाल्या, आणि नुकसान मंजूर झालं. भरपाई अशी ठरली: परीक्षा संपेपर्यंत मुलीने दर गुरुवारी येऊन माझ्याशी तासभर बोलायचं.

पहिल्या गुरुवारी ती मोबाईलशी बोलली. पुढच्या वेळी भिंतीवरच्या फोटोकडे बघत म्हणाली, "काकू कशा होत्या?"

"फटकळ."

"म्हणजे मस्त होत्या."

त्यानंतर तास पुरेनासा झाला.

मुलगी आता नर्सिंगच्या हॉस्टेलवर असते. मंडळाच्या अहवालानुसार शंभर टक्के पीडित समाधानी आहेत. (विचारलं मला एकट्यालाच.) जनजागृतीमुळे यंदा एकही मूल सापडलं नाही, असंही त्यात म्हटलं आहे. मंडळाचं अभिनंदन केलं पाहिजे. गुरुवारी मी गच्चीवर जाऊन वास घेऊन येतो. हवा अगदी स्वच्छ असते.

एकट्या माणसाकडे जाऊन तासभर बसायचं तर आधी कशात तरी सापडावं लागतं, अशी आपल्याकडची पद्धत आहे. तुम्ही कधी कशात सापडला नसणार. तुमच्या शेजारी जो कोणी एकटा राहतो, त्याने हे केव्हाच ओळखलं असेल.