टेबलावरचा चष्मा

व्याख्यानाला तासभर उरला असताना संचालकांनी निमंत्रणपत्रिका डोळ्यांसमोर धरली आणि वक्त्यांच्या नावाच्या जागी त्यांना एक सुरवंट दिसला. गेला आठवडाभर हे असेच चालले होते. डोके ठणकत होते, जिन्याची शेवटची पायरी सापडत नव्हती. हा कामाचा ताण आहे, असे त्यांनी घरी आणि दारी जाहीर केले होते.

एका दिवंगत आधुनिक चित्रकाराच्या नावे चालणाऱ्या संशोधन केंद्राचे ते संचालक होते. केंद्राचा प्राण म्हणजे चित्रकाराची खोली. ते गेले त्या दिवशी ती जशी होती तशीच ठेवलेली. अर्धवट पिळलेली रंगाची नळी, वाळून काटा झालेला कुंचला, घडी घातलेले वर्तमानपत्र आणि त्यावर काळ्या जाड काड्यांचा चष्मा. खोली सांभाळणाऱ्या बाई रोज प्रत्येक वस्तू झाडून खडूच्या खुणेवर परत ठेवत. कुणी काही मागितले की त्यांचे एकच उत्तर असे, "वस्तू हलवता येत नाही." केंद्रात सगळे त्यांना 'जैसे थे' म्हणत. त्यांच्या माघारी, अर्थात.

संचालकांची चित्रकारावर एवढी भक्ती, की नेमणूक झाल्याबरोबर त्यांनी टेबलावरच्या चष्म्यासारखी हुबेहूब फ्रेम स्वतःसाठी करून घेतली होती.

"सर," दारातून बाई म्हणाल्या आणि मध्येच थांबल्या. "तुमच्या चष्म्याच्या काडीवर पिवळा ठिपका आहे."

"असेल. पुसतो."

"पुसू नका! तो आमच्याकडचा आहे. आठवडाभर शोधतेय मी. मला वाटलं, माझ्याच हातून घासला गेला." बाईंचा आवाज खाली गेला. "सर, तुम्ही वस्तू घालून हिंडताय!"

संचालकांना आठवले. मागच्या सोमवारी खोलीत घाम पुसायला त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला होता आणि मग उचलला होता. कोणता उचलला, हा प्रश्न तेव्हा पडला नव्हता.

"चला, पटकन बदलून टाकू."

"कसा बदलणार? डॉक्टरबाईंनी कालच टेबलावरचा तुमचा चष्मा काचपेटीत ठेवलाय. किल्ली अध्यक्षांकडे. आणि त्याआधी चष्मेवाल्याला बोलावून काचांचा नंबरसुद्धा काढून घेतला."

डॉक्टरबाई म्हणजे केंद्रातल्या पाहुण्या संशोधक. आजचे व्याख्यान त्यांचे, आणि ते त्या नंबरावरच उभे होते. शिवाय व्याख्यानानंतर विश्वस्तांची बैठक होती, संचालकांना मुदतवाढ द्यायची की नारळ, हे ठरवायला.

"सांगून टाकू का?"

"काय सांगणार? संचालक आठवडाभर चित्रकाराचा चष्मा लावून जेवत होते?" बाई म्हणाल्या. "तुमच्याबरोबर मीही घरी जाईन, सर."

तेव्हा कुणीच काही सांगितले नाही. स्वागत करताना संचालकांना दोन अध्यक्ष दिसले. त्यातल्या नसलेल्या अध्यक्षांपुढे ते अदबीने वाकले आणि पुष्पगुच्छ माईकला दिला. सभागृहाला वाटले, माणूस भारावून गेला आहे.

डॉक्टरबाई उभ्या राहिल्या. "अखेरच्या चित्रांतली प्रत्येक रेषा डावीकडे कलते. कुणाला त्यात एकटेपणा दिसला, कुणाला मृत्यूची चाहूल. मी डोळा तपासला!" पडद्यावर चष्म्याचा फोटो आला. "डावा डोळा उजव्यापेक्षा कितीतरी अधू!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. संचालकांचा डावा डोळा लहानपणापासून अधू होता. एका मोठ्या चित्रकाराच्या अखेरच्या पर्वाचा उगम आता तिथे सापडला होता.

नंतर चहाच्या वेळी त्यांना कोपऱ्यात गाठले ते चित्रकाराच्या पत्नीने. केंद्रात त्या सगळ्यांच्याच वहिनी.

"भावजी, इकडे बघा जरा." वहिनींनी सरळ त्यांच्या नाकावरचा चष्मा काढला. "अगबाई! माझा चष्मा तुमच्याकडे कसा?"

"वहिनी, तो... त्यांचा आहे."

"त्यांना कुठला चष्मा? शेवटपर्यंत सुईत दोरा ओवून द्यायचे मला. त्या दिवशी मी त्यांना पेपर वाचून दाखवत होते, तो तिथेच राहिला. मग तीनदा मागायला आले, तर या तुमच्या बाई म्हणतात, वस्तू हलवता येत नाही."

बाई छताकडे पाहू लागल्या.

"मग त्या रेषा कशाने कलतात?" संचालकांनी क्षीण आवाजात विचारले.

"चित्र ठेवायच्या त्या स्टँडचा डावा पाय आखूड होता ना! कितीदा म्हटलं, खाली पुठ्ठा घाला. पण ऐकतील तर शपथ." वहिनींनी इकडेतिकडे पाहिले. "डॉक्टरबाईंना सांगू नका हं. पोर किती जीव तोडून बोलली. आणि भावजी, ही बायकांची फ्रेम आहे. शोभते पण तुम्हाला."

त्यांनी आपला चष्मा डोळ्यांवर चढवला, भिंतीवरची 'स्पर्श करू नये' ही पाटी समाधानाने वाचली आणि त्या घरी गेल्या.

थोड्या वेळाने अध्यक्ष कागद घेऊन आले. "अभिनंदन! असं संशोधन होतंय म्हटल्यावर मुदतवाढीला नाही कोण म्हणेल? नीट वाचा, सही करा. आणि बाई, ही पेटीची किल्ली आता तुम्हीच सांभाळा."

अध्यक्ष गेले. संचालकांनी कागद जवळ धरला, लांब धरला. सुरवंटही दिसेना, नुसताच धूर. समोर काचपेटीत, छोट्या दिव्याखाली, त्यांचा स्वतःचा चष्मा त्यांच्याकडे बघत होता.

"बाई," ते कुजबुजले, "दोन मिनिटं उघडता का पेटी? एवढं वाचून लगेच परत ठेवतो."

बाईंनी किल्ली मुठीत घट्ट धरली.

"सर," त्या म्हणाल्या, "वस्तू हलवता येत नाही."