चार पायांच्या निळ्या माणसाचा अर्थ

अर्थ ठरल्याशिवाय चित्र टांगणे भिंतीच्या प्रकृतीला बरे नसते. आमच्या कार्यालयाला हे फार आधी उमगले, म्हणून आमच्या भिंती आजवर कोऱ्या आणि ठणठणीत आहेत.

अशात जुन्या फायली सांभाळणाऱ्या काकांनी (एकोणतीस वर्षे, एकच खोली, खिडकी नाही) अर्ज दिला. लेकीने काढलेले चित्र आपल्या निवृत्तीआधी जिन्यापाशी लागावे, एवढीच इच्छा. निवृत्तीला उरले होते सव्वीस दिवस. साहेबांनी लगोलग अर्थनिर्णय समिती नेमली.

चित्रात एक निळा माणूस. कमरेखाली त्याला खुर्चीचे चार लाकडी पाय. कानाला कुलूप. खांद्यावर अंगठ्याएवढी, पंखवाली मुलगी त्या कुलपाशी तोंड नेऊन काहीतरी ओरडते आहे.

समितीने काम मात्र झकास केले हो! चार पाय म्हणजे स्थैर्य. कुलूप म्हणजे गोपनीयता (एकमताने). निळा रंग म्हणजे नव्या गणवेशाची छुपी मागणी. ती तिथल्या तिथे फेटाळली. मुलगी कशातच बसेना, तिला ‘इतर’मध्ये घातले. घोडे अडले ते चित्राच्या भावापाशी. दोन मते ‘आनंदी’, दोन ‘उदास’, पाचवे सदस्य चहाला गेलेले. शेवटी ‘समाधानकारक’ असे लिहिले.

बैठका झाल्या अकरा. काका रोज दारातून डोकावायचे. “झालं का हो?”

“काका, कलेचं काम आहे. घाई करून कसं चालेल?”

पंचविसाव्या दिवशी कुणाला तरी अवदसा आठवली आणि चित्र काढणारीलाच बोलावले.

“अर्थ कसला डोंबलाचा?” लेक म्हणाली. “बाबा घरी आले की असेच दिसतात. ती खांद्यावरची मी.”

काका दारातच होते. “अगं, मला वाटलं, तू राजा काढलास,” ते म्हणाले आणि त्यांना रडू फुटले.

समितीने लेकीचे म्हणणे तपासून पाहिले. काकांना विजार वर करायला सांगितली. पाय दोनच भरले, सबब अर्थ अमान्य. काकांनी अर्ज मागे घेतला, चित्र काखोटीला मारले आणि भर दुपारी, रजा न टाकता, लेकीशी गप्पा मारत घरी गेले. असा बेशिस्तपणा त्यांनी आयुष्यात केला नव्हता.

भिंत अजून कोरीच आहे. तिथून जाताना हल्ली जो तो वाकून आपले पाय मोजतो. तुम्ही हसताय, हसा बापडे. बसूनच वाचताय ना? मग मघापासून आतून कुणीतरी तुम्हाला हाक मारतंय, तिला एकदा ओ तरी द्या.