आठव्या तासाचे वालावलकर सर

वालावलकर सरांचं लग्न तिसऱ्या तासाला लागलं. हे मी म्हणत नाही, ते स्वतः सांगत. "मुहूर्त बारा चौतीसचा. म्हणजे तिसरा तास सुरू होऊन चौदा मिनिटं झालेली. पण भटजी रेंगाळले आणि मंगलाष्टकं चौथ्या तासात शिरली. मला दरदरून घाम! वर्गाबाहेर पुढचा मास्तर खडू घेऊन उभा असल्यासारखं वाटलं रे."

आमची शाळा गोरेगाव पूर्वेला, दिंडोशीकडे जाणाऱ्या रस्त्यावर. तीन मजले, एक मैदान (मैदान हा शब्द मी शाळेच्या माहितीपत्रकातून घेतो आहे, नाहीतर ते अंगणच), आणि अकरा ते साडेचारच्या मध्ये पस्तीस-पस्तीस मिनिटांचे आठ तास. आम्हा बाकीच्या मास्तरांसाठी हे तास शाळेपुरते होते. भूगोलाच्या वालावलकर सरांसाठी ती सृष्टीची रचना होती. त्यांना भूक चौथ्या तासाला लागे. त्यांच्याकडे पाणी दहाव्या तासाला येई. रविवारचा दूरदर्शनवरचा सिनेमा अकराव्या तासाला सुरू होई. डॉक्टरांनी गोळ्या दिवसातून दोनदा घ्यायला सांगितल्या, तर हे म्हणाले, "दुसऱ्यानंतर आणि सातव्याच्या आधी घेतल्या तर चालतील ना?" डॉक्टरांनी आणखी एक गोळी वाढवून दिली.

अशा माणसाकडे शाळेचं वेळापत्रक असावं हे ओघानंच आलं. पंधरा वर्षं ते त्यांच्याकडे होतं.

जूनच्या पहिल्या आठवड्यात भूगोलाच्या खोलीत दक्षिण अमेरिकेचा एक जुना, निवृत्त नकाशा जमिनीवर पालथा घातला जाई. त्याच्या पाठीवर पट्टीनं चौकोन आखलेले. जुन्या लग्नपत्रिका कापून सरांनी प्रत्येक मास्तरासाठी वेगळ्या रंगाच्या चिठ्ठ्या केल्या होत्या, आणि आम्हा प्रत्येकाला त्यावर एकेका अक्षरात बसवलं होतं. मी, टिपणीस, इतिहास-मराठीवाला, 'टि' होतो. साने बाई 'सा' होत्या. वालावलकर स्वतः 'वा' होते, त्यामुळे नकाशावर जिथे जिथे ते असतील तिथे तिथे कुणीतरी दाद दिल्यासारखं वाटे. या चिठ्ठ्या मांडत सर दोन-दोन दिवस गुडघ्यांवर रांगत. तेवढ्या काळात त्या खोलीत पंखा लावायला, जोरात बोलायला आणि शिंकायला मनाई असे.

एकदा कवायतीचे घाग सर आत आले, "काय उकडतंय यार!" म्हणाले आणि त्यांनी बटण दाबलं. अख्खी शाळा उडाली. एरवी शुद्ध बोलणारे वालावलकर सर अशा वेळी थेट कुडाळात पोचत. "मेल्या घागा! धावीचा गणित खिडकेतसून गेला मां!" दहावीचं गणित आम्हाला शेवटी पलीकडच्या सोसायटीतल्या तुळशीत सापडलं.

वेळापत्रक लागलं की तक्रारी लागत. साने बाईंना एकही दिवस पहिला तास नाही, मग आम्हाला का? विज्ञानाच्या केणी सरांचे सकाळचे सगळे तास तळमजल्यावर आणि दुपारचे सगळे तिसऱ्या मजल्यावर, हा काय प्रकार आहे? सगळ्यांना वालावलकरांचं एकच उत्तर होतं. दोन्ही हात वर करून, देवळातल्या पुजाऱ्यासारखे डोळे मिटून ते म्हणत, "वेळापत्रकात दया नाही." संपलं. पुढे बोलण्यात अर्थ नसे.

मग दिघे बाई मुख्याध्यापिका म्हणून आल्या. कडक इस्त्रीच्या, सरळ रेषेच्या बाई. त्यांनी पहिल्याच महिन्यात तक्रारींची फाईल वाचली आणि मला बोलावलं. "टिपणीस, पुढच्या वर्षीचं वेळापत्रक तुम्ही करा. तुम्ही तरुण आहात. सगळ्यांना समान वाटप हवं. कुणाची मक्तेदारी नको."

वालावलकर सरांच्या निवृत्तीला दोनच वर्षं राहिली होती. हे त्यांच्याकडून काढून घेणं म्हणजे काय, ते मला कळत होतं. तरी मी "हो बाई" म्हणालो. तिशीत माणसाला आपण न्यायी आहोत असं फार वाटतं.

सरांनी नकाशाची गुंडाळी आणि चिठ्ठ्यांचा बिस्किटांचा डबा माझ्या हातात दिला. वाद नाही, टोमणा नाही. फक्त डबा सोडताना त्यांचा हात जरा उशिरा सुटला.

"बाई म्हणतात तसं कर," ते म्हणाले. "सगळ्यांना सारखं."

"सर, काही सूचना?"

"पंखा बंद ठेव."

मी जे वेळापत्रक केलं ते बघायला तुम्ही हवे होतात! काय ती समता! प्रत्येक मास्तराला आठवड्यात सारखेच पहिले तास, सारखेच शेवटचे. तळमजला, तिसरा मजला, सगळं वाटून. लाल शाईची दुहेरी चौकट काढून मी ते फलकावर लावलं आणि दोन पावलं मागे सरून नाटकातल्या नायकासारखा उभा राहिलो. दिघे बाई म्हणाल्या, "उत्तम." वालावलकर सरांनी चष्मा कपाळावर चढवून ते वाचलं, बराच वेळ वाचलं, आणि "अक्षर चांगलं आहे" म्हणून निघून गेले.

सोमवारी वाट लागायला सुरुवात झाली.

पहिल्या घंटेनंतर वीस मिनिटांनी साने बाई धापा टाकत आल्या. मस्टरवर तांबडी खूण. मंगळवारी तेच. पहिला तास मोकळा असला की साडेअकरापर्यंत सही करायची आणि शेवटचा मोकळा असला की लवकर निघायची आमच्याकडे मुभा होती. आता पहिला तास आल्यावर ती मुभा गेली. मी जरा आवाज चढवूनच विचारलं, तेव्हा बाई म्हणाल्या, "सासूबाई अंथरुणाला खिळल्यात हो. नणंद येऊन बसेपर्यंत सव्वाअकरा होतात. वालावलकर सरांना मी कधी सांगितलं नव्हतं, पण पहिला तास कधी आलाच नाही. मला वाटायचं, योगायोग."

बुधवारी केणी सर दुसऱ्या मजल्याच्या पायरीवर बसलेले सापडले. "काय रे टिपणीस, मी काय लिफ्ट आहे? तळमजला, तिसरा, तळमजला, तिसरा! माझ्या गुडघ्यात वाटी राहिली नाही. आधी बरं होतं, दिवसातून एकदा चढायचो, एकदा उतरायचो."

गुरुवारी घाग सर माझ्या अंगावर धावून आले. "एकाच वेळी तीन वर्गांची कवायत? मैदान बघितलंयस का कधी? दीडशे पोरं! सावधान म्हटलं की एकमेकांच्या पायावर उभी राहतात आणि डावीकडे वळ म्हटलं की मारामारी होते!" तीन वर्गांना समान न्याय देताना मैदान एकच आहे हे मी विसरलो होतो.

आणि गुरुवारपर्यंत माझं स्वतःचंही बिंग फुटलं. बुधवारी संध्याकाळी पार्ल्याला आमच्या हौशी नाटकमंडळाची तालीम असे. गेली पाच वर्षं बुधवारचा माझा आठवा तास मोकळा असायचा. माझं नशीब, दुसरं काय! यंदा मात्र मी स्वतःच्या हातांनी बुधवारी स्वतःला आठवा तास दिला होता आणि तालमीत माझा प्रवेश होऊन गेल्यावर मी प्रवेश केला होता.

शुक्रवारी मी तो डबा पुन्हा उघडला. तळाशी जुन्या वर्षांची वेळापत्रकं घडी घालून ठेवली होती. ती बाकावर पसरली आणि साने, केणी, टिपणीस असं बोट फिरवत गेलो. एकेक खोड म्हणून आम्ही ज्याला शिव्या घातल्या होत्या, त्या प्रत्येक खोडीत कुणाची तरी सासू होती, कुणाचा तरी गुडघा होता. वेळापत्रकात दया नाही म्हणे! पंधरा वर्षं या माणसानं शाळेला निर्विकार चेहऱ्यानं फसवलं होतं.

मग माझं बोट 'वा' वर आलं. सोमवार, आठवा तास, आठवी क. मंगळवार, आठवा तास, आठवी क. शुक्रवारपर्यंत तेच. मागच्या वर्षी तेच, त्याच्या मागच्या वर्षीही. दिवसाचा शेवटचा तास आणि आठवी क! दोन्ही गोष्टी कुणाला वेगवेगळ्याही नको असत. पोरांचं अर्धं लक्ष घंटेकडे, उरलेलं एकमेकांच्या दप्तराकडे. ते ओझं सरांनी स्वतःच्या डोक्यावर घेतलं होतं, आणि मी न्याय करून ते उतरवलं होतं. चला, मला वाटलं, निदान एका माणसाचं तरी आपण भलं केलं. आता आठवड्यातले चार दिवस सर चारला घरी जात असतील, चहा घेऊन पडत असतील.

घाग सरांना मी हे अभिमानानं सांगितलं.

"घरी? अरे, ते रोज मैदानाच्या कट्ट्यावर बसलेले असतात, साडेचारपर्यंत. मला वाटलं तूच काहीतरी काम दिलंयस."

मी खिडकीतून बघितलं. कट्ट्यावर सर बसले होते. मांडीवर पिशवी, पिशवीवर छत्री, छत्रीवर दोन्ही हात. शाळा सुटायची वाट बघत असलेल्या पालकासारखे.

मी खाली गेलो, शेजारी बसलो.

"सर, घरी नाही गेलात?"

"जाईन की. घाई काय आहे?"

"तुमचा तास मोकळा आहे ना."

"मोकळा आहे, दिसतंय मला." मग छत्रीच्या मुठीशी बोलल्यासारखे ते म्हणाले, "टिपणीसा, ही गेली त्याला सहा वर्षं झाली. मुलगी तिकडे नागपूरला. घरात काय आहे? कुलूप आहे. साडेचारला पोरांच्या गर्दीतून निघालं ना, की तो कालवा कानात राहतो. दार उघडून दिवा लावेपर्यंत पुरतो. चारला बाहेर पडून बघितलं मी सोमवारी. रस्त्यावर कोण नाही रे. माझ्या चपलांचा आवाज मला ऐकू येत होता."

घंटा होईपर्यंत मीही कट्ट्यावरच बसून राहिलो.

शनिवारी अर्धी शाळा सुटल्यावर मी दक्षिण अमेरिका पालथी घालून सरांना बोलावलं. "सर, बसत नाहीये. मदत करा." हे खोटं नव्हतं. ते गुडघ्यांवर टेकले आणि त्यांच्या बोटांना जणू डोळे फुटले. साने दुसऱ्यात, केणी खाली, घागांचे तीन वर्ग तीन दिवसांत. तासाभरात शाळा जागच्या जागी आली.

"माझं बुधवारचं कसं कळलं होतं तुम्हाला?" मी विचारलं.

"बुधवारी तुझं पानिपत वीस मिनिटांत आटपायचं. सदाशिवरावभाऊंना मरायला वेळ मिळायचा नाही. म्हटलं, त्यापेक्षा हा गेलेला बरा."

शेवटी आठवी क चे पाच चौकोन रिकामे उरले. सरांच्या मुठीत त्यांच्याच रंगाच्या चिठ्ठ्या होत्या, पण मूठ उघडेना.

"इथे कोण घालतोस?" त्यांनी दुसरीकडे बघत विचारलं.

"तुम्ही."

"दिघे बाई म्हणतील, म्हाताऱ्यानं पुन्हा मक्तेदारी चालवली."

"वेळापत्रक मी केलंय. बाई मला बोलतील."

बाई बोलल्याही. "यात समान वाटप कुठे आहे, टिपणीस?" मी साने बाईंच्या सासूपासून सुरुवात केली आणि साभिनय केणी सरांच्या गुडघ्यापर्यंत आलो. बाईंनी हात वर करून मला थांबवलं आणि सही केली. सरांच्या कुलपाबद्दल मी काही सांगितलं नाही.

सोमवारी साडेचारची घंटा झाली आणि मी, उगाच, सरांच्या मागे थोडं अंतर ठेवून चालू लागलो. आठवी क ची आठ-दहा पोरं-पोरी त्यांच्याभोवती. एकीची रिबन सुटलेली, एकाची दुसऱ्याविरुद्ध तक्रार, सगळी एकदम बोलत होती. फाटकापासून सरांची चाळ पाच मिनिटांवर. पण सर प्रत्येक वळणावर थांबत होते. पिठाच्या गिरणीशी थांबले, रेशन दुकानाशी थांबले. "वारा कुठून येतोय सांग बघू?" करत वीस मिनिटांनी सगळा तांडा चाळीच्या जिन्याशी पोचला.

"आता शेवटचा प्रश्न," दाराशी उभं राहून सर म्हणाले. "पूर्व कुठे?"

दहा हात वर झाले, दहा दिशांना. एका पोरानं तर थेट आकाशाकडे बोट दाखवलं.

वालावलकर सरांनी खिशातून किल्ली काढली, कुलूप उघडलं आणि मागे वळून म्हणाले, "चूक. सगळ्यांचं चूक. उद्या सांगतो."